कागद फाटता कामा नये

मामंजी, मला ऐकू येईनासं झालंय. त्यातलं सगळं खरं फक्त तुम्हालाच सांगते, कारण तुम्ही कोणाजवळ बोलायला जाणार नाही. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, आता तुमच्यासमोर लाजायचं काही कारणही उरलं नाही. तुम्ही होता तेव्हा मी तुमच्यासमोर चार वाक्यं सरळ बोलले नाही. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर आणि उत्तर एकच, 'हो मामंजी.' आता माझ्याच घरात सून आहे, नात आहे, माझे गुडघे कुरकुरतात, तेव्हा आज बसून सगळं बोलून घेते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वेलांट्या मोजू नका. म्हातारीचे कान गेले तर काय मोठं बिघडलं, असं कोणीही म्हणेल. कीर्तनाला गेले तर डुलता येतं, शेजारणीच्या चुगल्या ऐकू आल्या नाहीत तर बरंच. पण माझी भाकरी कानावर आहे, आणि ती तुम्ही तिथे बांधून दिली. स्क्रूगन डोळ्यानं चालवायची नाही, कानानं चालवायची, हे तुमचं शिकवणं. तेव्हा कान गेले म्हणजे हातातली गन गेली. गेले वर्षभर मी हेच धरून बसले होते, की गन सोडायची नाही आणि कोणाला कळू द्यायचं नाही.

तुम्हाला आठवतं का, हे सगळं तुमच्या मुलामुळे सुरू झालं. उभा-आडवा माणूस, पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेला की चेहरा पांढराफटक. खाली उभं राहून जगाला अक्कल शिकवायचा आणि वर चढ म्हटलं की लघवीला जायचा. तुम्ही जन्मभर दारं, खिडक्या, देवघरं केलेली. ओझरकडे एका ऑफिसात चौकटी बसवायला गेलात आणि तिथे पहिल्यांदा फॉल्स सिलिंगचं काम बघून आलात. घरी येऊन म्हणालात, लाकडाचे दिवस गेले, आता लोकांना आढ्याखाली पांढरं आढं पाहिजे. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा टांगायचा, त्याला ते जिप्समचे बोर्ड खालून लावायचे आणि काळ्या स्क्रूंनी पक्के करायचे. तुम्ही कुठून तरी जुनी वायरवाली स्क्रूगन पैदा केली. आता वर चढणार कोण? मुलगा कामाचा नाही, आणि तुम्ही म्हणालात माझे गुडघे दुखतात. मग चुलीपुढे बसलेल्या माझ्याकडे न बघताच म्हणालात, "सुनबाईचा हात भाकरी थापताना एकसारखा पडतो. तिला घेऊन जातो उद्यापासून."

सासूबाईंनी त्या दिवशी जेवण टाकलं. "सून सासऱ्याच्या डोक्यावर उभी राहणार? लोक तोंडात शेण घालतील." आणि त्यांचं चूक नव्हतं. सासरे ओट्यावर असले तर सुनेनं खाली बसायचं, सासरे खाली असले तर तिनं उभंसुद्धा राहायचं नाही, आत निघून जायचं, अशी आपल्या घरची रीत. आणि इथे मी चार पायांच्या लाकडी घोडीवर फळी टाकून उभी राहणार, तीही दोन्ही हात वर करून, आणि सासरा बरोबर पायांखाली. तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत बसलात आणि मग निकाल दिलात, "मी भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. तिच्याकडे बघायचं कामच काय, काम कानाला कळतं." झालं. तेव्हापासून तुम्ही पाठमोरे. नाशकातल्या कितीतरी दुकानांत, दवाखान्यांत, बँकेच्या एका शाखेत, मी वर आणि तुम्ही खाली भिंतीला नाक लावून उभे, शिक्षा झालेल्या पोरासारखे. येणारे-जाणारे हसायचे. एक प्लंबर तर म्हणाला, "बाबा, भिंतीशी भांडण झालंय का?" तुम्ही म्हणालात, "नाही रे, ती तुझ्यापेक्षा कमी बोलते."

पहिले काही दिवस मी नुसती नासधूस केली. गन पिस्तुलासारखी धरायची असं मला वाटलं, तर खालून आवाज, "मनगट वाकडं आहे तुझं, स्क्रू तिरका जातोय." बघत नव्हता, तरी कसं कळलं याचंच मला नवल. मग तुम्ही तिथलं एक फळकूट हातात घेऊन दाखवलंत, पाठ माझ्याकडे ठेवूनच. मूठ खाली नाही, वर, मोटरच्या मागे तळवा टेकवायचा, मधलं बोट लांब करायचं स्क्रूच्या दिशेनं, आणि घोडा दाबायचा शेवटच्या दोन बोटांनी. म्हणजे कोपर, मनगट, गनच्या टोकाचं बिट आणि स्क्रू सगळं एका रेषेत. मोटर चालूच ठेवायची, बटणानं अडकवून. ती फुकट फिरत राहते, स्क्रूला हात लावत नाही. टोक बोर्डाला टेकवून दाबलं की मगच आतलं क्लच पकडतं आणि स्क्रू फिरायला लागतो. आणि स्क्रूचं डोकं बरोबर खोलीला गेलं की पुढचं नाकाड बोर्डाला टेकतं, क्लच सुटतं, 'कट्' असा आवाज येतो. तो 'कट्' म्हणजे सगळी विद्या. लवकर आला तर डोकं वर राहिलं, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरताना पत्रा अडखळणार. आलाच नाही आणि नुसता घरघराट होऊन 'खस्स' झालं, तर डोकं कागद फाडून आत घुसलं. आणि तुम्ही दहा वेळा सांगायचात, बोर्ड जिप्समवर टिकत नाही, वरच्या कागदावर टिकतो. आतलं ते सगळं खडूच की. कागद फाटला की स्क्रू असून नसल्यासारखा. बोर्डाला खळी पडली पाहिजे, पण कागद फाटता कामा नये.

मी ते सगळं शिकले, आणि का नाही शिकणार. तुम्ही खालून म्हणायचात, "हा बरा. हा बरा. हा खोल गेला, बाजूला दुसरा मार. हा बरा." दिवसभर तेच. संध्याकाळी भाकरी भाजताना मला तव्यावरही 'कट्' ऐकू यायचं. पुढे पुढे तुम्ही काही बोलायचा नाहीत, नुसता हुंकार द्यायचात. पुढे तोही बंद झाला. एकदा मी मुद्दाम एक स्क्रू खोल मारला, बघावं म्हटलं म्हातारा झोपला की काय. लगेच खालून, "मस्ती नको."

गन सांभाळायलाही तुम्हीच शिकवलंत, आणि त्यात शिव्याच जास्त होत्या. एकदा मी तिला वायरीला धरून उचललं तर केवढे कडाडलात, "मांजराला शेपटीनं उचलतेस का? वायर मुळाशी तुटली की शॉक बसून वरून खाली येशील, आणि मग लोक मला विचारतील." वायरीचा एक वेढा घोडीच्या दांडीला मारायचा, म्हणजे ओढ बसली तर दांडीला बसते, प्लगला नाही. एक्स्टेन्शनची वायर जाड घ्यायची, आणि गुंडाळीवरच चालवायची नाही, सगळी उलगडायची, नाहीतर गरम होते आणि मोटरला करंट कमी पडतो. रोज काम संपलं की सायकलच्या पंपानं मोटरच्या फटींतून हवा मारायची, जिप्समची भुकटी आत बसली की मोटरमधलं तारांचं आर्मेचर खाते. मोटर ठिणग्या जास्त उडवायला लागली, जळका वास आला की आतले कार्बनचे ब्रश काढून बघायचे. झिजून नखाएवढे उरले तर दोन्ही एकदम बदलायचे, एक नाही. बिटाची धार बोथट झाली की फेकायची, तिथे कंजूषपणा नाही. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना गनला हळद-कुंकू लावायचं ते फक्त प्लगला. सासूबाईंनी विचारलं, हे काय नवीन, तर तुम्ही म्हणालात, "देवाच्या पाया पडतो ना आपण? तिचे पाय तिकडे आहेत."

मग शरणपूर रोडला त्या वकिलाचं ऑफिस आलं. ते मी विसरलेले नाही. सांगाडा टांगून झाला होता, बोर्ड चढले होते, आणि बोर्डाच्या पाठीमागे पट्टी नक्की कुठे आहे ते दाखवायला तुम्ही बोर्डावर निळीच्या दोरीनं रेघा मारल्या होत्या. ती एकच गोष्ट तुम्ही स्वतः वर चढून करायचात. मी रेघेवर स्क्रू मारत गेले. 'कट्' येत होता, पण पोकळ, मागे लोखंड लागलं की जसा येतो तसा नाही. मी म्हटलं, "मामंजी, पट्टी लागत नाही वाटतं." तुम्ही म्हणालात, "रेघेवर मार." मी रेघेवर मारले. दुसऱ्या दिवशी वकील आला तेव्हा बोर्डाची एक कड हातभर खाली आलेली. सगळी ओळ पट्टी चुकवून हवेत गेली होती. वकील भडकला. आणि तुम्ही त्याच्यासमोर, त्याच्या कारकुनांसमोर, चहा घेऊन आलेल्या माणसासमोर मला म्हणालात, "सुनबाई, डोळे फुटले होते काय तुझे?" मी पदर पुढे ओढला. रेघ तुमची होती, पण तोंड माझं बांधलेलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही भद्रकालीच्या बाजारातून नवी गन आणलीत, कोरी, खोक्यातली, आणि माझ्यासमोर ठेवलीत. म्हणालात, "ही तुझी. आता रेघाही तूच मार." मला वाटलं, म्हाताऱ्याला चूक कळली, तोंडानं माफी मागता येत नाही म्हणून वस्तू दिली. तुम्हाला त्याबद्दल मी मनात चांगलं म्हटलं. त्यानंतर दोन पावसाळे काढलेत आणि छातीच्या दुखण्यानं गेलात. मी गन घेऊन कामावर जात राहिले. तुमच्या मुलाला टेम्पो घेऊन दिला, तो जमिनीवरच चालतो म्हणून. माझा मुलगा मोठा झाला, माप घेणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं आणि लांबी-रंग हे त्यानं घेतलं. त्याची बायको आली, माझी सून, देवळ्याकडची, कांद्याच्या चाळीत वाढलेली, हात दणकट, तोंड बंद. तिला मी खाली बोर्ड द्यायला घेतलं. गन मात्र माझ्याच हातात. मुलगा कधीचा म्हणतोय, आई बॅटरीची गन आणू. मी म्हटलं, तुझी बॅटरी दुपारी जेवायला बसते, माझी वायर बसत नाही. तुम्ही दिलेलीच गन आहे अजून. आर्मेचर दोनदा बांधून घेतलं, स्विच बदलला, वायर बदलली, पण गन तीच. नाशकात माझ्याइतकं सरळ सिलिंग कोणाचं नाही, हे मी सांगत नाही, रंगवाले सांगतात.

कान कधी गेले ते कळलं नाही. एवढी वर्षं डोक्याच्या बाजूला मोटर फिरली, काय होणार दुसरं. आधी फोनची रिंग गेली, मग नातीचं हळू बोलणं. मग मी युक्त्या केल्या. कोणी काही म्हटलं आणि मला कळलं नाही की मी आधी ओरडते, "तोंडात काय सुपारी आहे का, नीट बोल." समोरचा घाबरून मोठ्यानं बोलतो, आणि चूक त्याची राहते. गिऱ्हाइकाला म्हणते, "मुलाला सांगा, हिशोबाचं तो बघतो." गनचं म्हणाल तर, 'कट्' ऐकू येत नव्हता तरी हाताला कळायचा. क्लच सुटलं की तळव्याला एक टिचकी बसते. मी म्हटलं चालेल, तेवढं पुरे आहे. आणि पुरतही होतं.

ह्या वर्षी खंडेनवमीला मी भावाच्या आजारपणासाठी पेठकडे गेले होते. घरी पूजा मुलानं केली. तो काही साधं करत नाही. त्यानं सगळ्या हत्यारांवर झेंडूच्या पाकळ्या, हळद, कुंकू, अक्षता असं भरभरून टाकलं आणि नारळ फोडून त्याचं पाणी गनवर चांगलं शिंपडलं, डोळे मिटून, भक्तिभावानं. ते पाणी नाकाडातून आत क्लचात गेलं, वर हळद-कुंकवाची पेस्ट, आणि वाळून त्याचा डिंक झाला. मला कोणी काही सांगितलं नाही, गन पुसून जागेवर ठेवली होती. दसऱ्यानंतर एका बाळांच्या दवाखान्याचं काम होतं. वॉर्डाची खोली, खाली ओळीनं छोट्या खाटा येणार. मी वर चढले, सून खालून बोर्ड देत होती. सकाळभर मी स्क्रू मारत गेले. टिचकी आज मऊ बसतेय असं वाटलं, पण म्हटलं थंडी पडायला लागली, हात बधिरला असेल. सून खालून काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काय पुटपुटतेस?"

ती मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, मशीनचा आवाज वेगळा येतोय आज."

"मशीनचा आवाज तू मला शिकवणार? बोर्ड दे."

तिनं बोर्ड दिला. दुपारी ती डबा सोडायला बसली आणि मी उगाच एका स्क्रूवरून अंगठा फिरवला. अंगठा आत गेला. कडेला कागदाची साल उभी होती. दुसऱ्यावर फिरवला, तोच प्रकार. मी घोडी सरकवत सरकवत सगळी ओळ बघितली. क्लच सुटतच नव्हतं, अर्धवट चिकटून स्क्रूला आणखी फिरवत होतं. सकाळपासूनचे सगळे कागद फाटलेले. बाहेरून काही दिसत नाही हो मामंजी, काळा ठिपका आणि भोवती पांढरी भुकटी. त्यावर मुलानं लांबी भरली, रंग मारला की देवालाही कळणार नाही. पुढच्या पावसाळ्यात दमट हवा लागली की बोर्ड एका कडेनं सुटणार, आणि खाली तान्ही पोरं. मी फळीवर बसले. खोटं कशाला सांगू, मनात पहिला विचार त्या पोरांचा नव्हता आला. पहिला विचार असा आला, की आता सगळ्यांना कळणार मला ऐकू येत नाही.

तेवढ्यात मुलगा आला. लांबीचा पत्रा हातात, वर बघतोय. तो काही आंधळा नाही. "हे काय झालंय? सगळे खोल गेलेत." आणि वळला तो बायकोकडे, कारण त्या आठवड्यात मी तिला शिकवायला म्हणून चार-दोन स्क्रू मारू दिले होते. "तू होतीस का गनवर?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. भाकरीचा घास हातातच. आणि खाली मान घालून म्हणाली, "बघते मी. माझ्याच हातून झालं असेल."

मामंजी, तेव्हा माझ्या तोंडात शब्द तयार होते. 'कान फुटले होते काय तुझे, सांगायचं नाही का.' अगदी जिभेवर. ऐकायला मुलगा होता, दवाखान्याचा वॉचमन होता, इलेक्ट्रिशियन होता, सगळी तयारी होती. आणि ते शब्द कोणाचे आहेत ते मला कळलं. मी तुम्हाला बघितलं, वकिलाच्या ऑफिसात, पाठमोरे नाही, समोरासमोर. आणि एकदम सगळं उलगडलं. गुडघे दुखतात म्हणालात, आणि रोज पहाटे रामकुंडावर चालत जाऊन त्या पायऱ्या उतरून अंघोळ करून येत होता. त्या पायऱ्या पायाला पाठ होत्या. टेपवरचा आकडा कायम मला वाचायला लावायचात, 'तू वाच, शिकशील.' स्क्रू निवडताना डोळ्यासमोर धरायचा नाहीत, अंगठ्यावर फिरवायचात. भिंतीकडे तोंड केलंत ते माझी लाज राखायला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, सासूबाईंनासुद्धा. तुम्हाला वरचं दिसतच नव्हतं मामंजी. भिंत आणि सिलिंग तुम्हाला सारखंच. म्हणून कान एवढे तिखट. म्हणून दोरी चुकली. आणि डोळे फुटले होते ते तुमचे, माझे नव्हते.

मी फळीवरून म्हटलं, "तुझ्या हातून काय झालं ग? तू सकाळपासून गनला शिवलीस तरी का? गनवर मी होते. क्लच चिकटलंय, आणि आवाज बदललेला मला कळला नाही, कारण मला ऐकू येत नाही. वर्ष झालं."

मुलगा ओरडला, "काय?"

"आता कशाला ओरडतोस, एवढं ऐकू येतं."

सून हळूच काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं. तर म्हणाली, "मला माहीत होतं, आत्याबाई. कुकरच्या शिट्ट्या तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून मोजता."

"मग बोलली का नाहीस?"

"सकाळी बोलले ना. तुम्ही म्हणालात बोर्ड दे."

मामंजी, वॉचमनसुद्धा हसला. मी काय करणार, मीही हसले. मग खाली उतरले आणि वर्तमानपत्रावर गन उघडली. नाकाड काढलं तर आत हळदीची पिवळी कड आणि एक अख्खी अक्षत, स्प्रिंगला चिकटलेली. मुलगा म्हणतो, "मी तर देवासाठी केलं." मी म्हटलं, देव प्लगपाशी थांबतो, आत येत नाही. थिनरनं क्लच धुतलं, वाळवलं, बोटभर ग्रीस लावलं, पंपानं हवा मारली, कुंकवाचा ढग निघाला तो इलेक्ट्रिशियनच्या शर्टावर बसला. मग एका तुकड्यावर दोन स्क्रू मारून सुनेला विचारलं, "आवाज?" ती म्हणाली, "आला." गन तिच्या हातात दिली आणि म्हटलं, चढ वर. प्रत्येक फाटक्या स्क्रूच्या शेजारी दोन बोटांवर नवा. ती चढली. रीत म्हटली तर आता सासू खाली आणि सून वर, पण मी भिंतीकडे तोंड केलं नाही. मान दुखेपर्यंत वर बघत उभी राहिले. तिचं मनगट वाकडं होतं, ते मला दिसलं, ते मी सांगितलं. कानाचं काम तिनं केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी खोली परत पक्की झाली, मी प्रत्येक डोक्यावरून अंगठा फिरवला, आणि मगच मुलाला लांबी भरू दिली.

तुमचा मला राग आलाय, तो असा सहज जाणार नाही. वकिलाच्या ऑफिसातलं ते वाक्य तुम्ही मागे घेऊ शकला असतात, तुमच्या हातात दोन पावसाळे होते. मोतीबिंदूच असेल, सिव्हिलला दाखवलं असतं तर दिसायला लागलं असतं. पण मग तुम्हाला स्वतःच वर चढावं लागलं असतं, आणि मी आज तिथेच चुलीपुढे असते, हेही मला कळतं. तुमचं आंधळेपण माझ्या कामी आलं. म्हणून काही तुम्ही थोर ठरत नाही, पण मला खोटं बोलता येत नाही.

आता एक शेवटचं लिहून हा कागद गनच्या जुन्या खोक्यात ठेवते, पोस्टात टाकायला तुमचा पत्ता कोणाजवळ आहे. मुलानं मला डॉक्टरकडे नेलं आणि कानाचं यंत्र घेतलं. परवा गोदामात एकटी होते. यंत्र कानात घातलं, बोर्डाचा तुकडा भिंतीला उभा केला, गन लावली आणि स्क्रू मारला. 'कट्.' अगदी स्वच्छ, तुम्ही खाली उभे असताना यायचा तसा. आणखी मारले, सगळे बरोबर, एकाचाही कागद फाटला नाही. मग यंत्र काढून डबीत ठेवलं. घरी सांगितलंय की ह्या यंत्रानं टीव्ही ऐकू येतो, पण गनच्या आवाजात नुसता गोंगाट होतो, काही उपयोग नाही. खरं कळलं तर माझी सून उद्या सकाळी गन माझ्या हातात देईल आणि मुकाट्यानं खाली जाऊन उभी राहील. म्हणून नाही सांगितलं.